नर्सबाईले विचारा: दोन महिन्याचं लेकरू काय बोलते?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेली की माझी नात अडीच महिन्याची झाली आणि आमच्या दोघींच्या गप्पा सुरू झाल्या, तर त्यावर व्हॉट्सअपवर मेसेजचा पाऊस पडला. काहींनी नुसते हसण्याचे इमोजी टाकले, म्हणजे नर्सबाई रिटायर झाली आणि कामातून गेली असं. पण बरेच जण मनापासून विचारत होते, म्हणून या वेळी लसी, जंत, रक्त वाढवायच्या गोळ्या सगळं बाजूला ठेवलं आणि फक्त पहिल्या पाच-सहा महिन्यातल्या लेकराचे प्रश्न घेतले. नावं छापत नाही, तालुका तेवढा ठेवला आहे. बोलीही जशी आली तशीच ठेवली, संपादकांनी हात लावायचा नाही असं आधीच सांगून टाकलं.

प्रश्न: सिस्टर, माहं लेकरू सव्वा महिन्याचं हाय. दिवे लागले का रडाले सुरू होते ते नऊ वाजेपर्यंत थांबत नाई. मी उचलतो तं सासूबाई म्हणते घडीघडी उचलू नको, हाताची सवय लागन, मंग तुले कामं सुचन नाई. माही आई म्हणते उचल. मी कोनाचं ऐकू? (दारव्हा तालुका)

उत्तर: आईचं ऐका. सासूबाईला मात्र हा अंक दाखवू नका, नाहीतर मलाच फोन येईल.

खरं सांगते, ही 'सवय लागन'वाली गोष्ट मी स्वतः दहा-बारा वर्षं बायांना सांगत फिरली आहे. सबसेंटरला नवीन लागली तेव्हा कोणीतरी मोठ्या माणसानं सांगितलं होतं, मी तेच पुढे ढकललं. माझ्या मोठ्या पोराला तर घड्याळ लावून पाजलं, मधात रडला तर पाळणा हलवायचा पण उचलायचं नाही, मीही बाजूला बसून रडायची पण उचलायची नाही. आता त्याचीच पोरगी मी दिवसभर अंगाखांद्यावर घेऊन फिरते तर तो म्हणतो, आई मले नाई घेतलं वं असं. काय उत्तर देऊ?

सव्वा महिना म्हणजे रडण्याचा भर सीझन आहे. बहुतेक लेकरं दोन आठवड्यानंतर जास्त रडायला लागतात, सहा ते आठ आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त रडतात आणि तीन-चार महिन्यात ते आपोआप उतरते, आणि वेळही संध्याकाळचीच धरतात, अमेरिकेतलं लेकरू असो की दारव्ह्यातलं. पोट भरलेलं आहे, लंगोट कोरडा आहे, ताप नाही, दूध नीट ओढते आणि तरी रडते, तर त्यात तुमची काही चूक नाही.

१९८६ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या दोन डॉक्टरांनी, हुंझिकर आणि बार त्यांची नावं, ९९ आया-लेकरांच्या जोड्या घेतल्या. अर्ध्या आयांना सांगितलं की रोज निदान तीन तास लेकरू अंगाशी धरून राहा, ते रडत असो की नसो. सहा आठवड्याच्या वयात ही लेकरं दुसऱ्या गटातल्यांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती. आता यातली खुबी पाहा, 'रडत असो की नसो'. आपण काय करतो, शांत असलं की टाकलं पाळण्यात आणि लागलो कामाला, भोकाड पसरलं की मग उचललं. तर उलटं करा, शांत आहे, टुकूटुकू पाहते आहे तेव्हाच घ्या. आणि घेणारे हात तुमचेच पाहिजेत असं काही नाही, आबाजी सपरीत रिकामेच बसले असतात ना, द्या त्यांच्या मांडीवर.

मेरी एन्सवर्थ म्हणून एक बाई होत्या, त्यांनी आणि सिल्व्हिया बेल यांनी १९७२ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात घराघरात जाऊन केलेलं काम छापलं. पहिल्या महिन्यांत ज्या लेकरांच्या रडण्याला आईची लवकर ओ मिळायची ती वर्षाची होताना कमी रडायची, असं त्यांना दिसलं. त्यावर नंतर दुसऱ्या संशोधकांनी वाद घातला, हिशोबावर बोट ठेवलं, तो वाद बराच चालला. पण सव्वा महिन्याचं लेकरू उचलल्यानं लाडावते असं आजचा बालरोगतज्ज्ञ सांगत नाही.

आणि एक. हात थकले, डोकं फिरलं, असं वाटलं की आता आपटतो की काय, तर लेकरू खाली गोधडीवर ठेवा आणि दोन मिनिटं अंगणात जाऊन उभ्या राहा. गदागदा हलवायचं नाही, कधीच नाही, मानेत जोर नसते आणि डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. रडण्याचा आवाजच बदलला, दूध सोडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, तर मग रात्र काढू नका, सरळ दवाखाना.

प्रश्न: बाळ झोपेत हसते. आजेसासू म्हणते सटवाई हसवते. खरं काय? (पुसद तालुका)

उत्तर: पाचवीची पूजा करा, सटवाईला नैवेद्य दाखवा, माझं काही म्हणणं नाही. पण ते हसू कच्च्या झोपेतलं आहे, त्या वेळी पाहा, पापण्याखाली बुबुळं हलत असतात आणि ओठ आपोआप फाकतात. तुमच्यासाठीचं खरं हसू सहा ते आठ आठवड्यात येते आणि ते ओळखायला नर्स लागत नाही, डोळे टक्क उघडे, नजर तुमच्या तोंडावर आणि गालासोबत डोळेही हसतात. दिवस भरायच्या आधी झालेलं लेकरू असलं तर जेवढे आठवडे आधी झालं तेवढे सोडून मोजा. तीन महिने पूर्ण झाले आणि कोणाहीकडे पाहून हसतच नाही असं असलं तर एकदा डॉक्टरला दाखवून घ्या.

प्रश्न: मी लेकराशी दिवसभर बोलते तर घरचे हसतात. आमचे हे म्हणतात, त्याले काय समजते, भिताडाशी बोलून राह्यली काय. दोन महिन्याच्या लेकराला खरंच काही समजते का? आणि बोलायचं तर काय बोलायचं, माझे तर विषयच संपतात. (आर्णी तालुका)

उत्तर: ह्यांना सांगा की लेकरू भीताड नाही, ते जन्माच्या आधीपासून कान देऊन आहे. १९८० साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर या दोघांनी तीन दिवसांच्याही आतल्या लेकरांच्या तोंडात एक चोखणी दिली, ती टेपला जोडलेली. चोखण्याची लय एका तऱ्हेची ठेवली की स्वतःच्या आईचा आवाज लागायचा, दुसऱ्या तऱ्हेची ठेवली की दुसऱ्याच बाईचा. लेकरांनी काय केलं तर आईचा आवाज लागेल तशी लय धरली. तीन दिवसही झाले नव्हते हो जगात येऊन! पोटात असताना ऐकलेला आवाज तो.

नजरेचंही तसंच. सुरुवातीला त्याला वीत-सव्वा वीत अंतरावरचं बरं दिसते, म्हणजे २० ते ३० सेंटीमीटर, म्हणजे मोजून पाहा, पाजताना तुमच्या छातीपासून तुमच्या तोंडापर्यंत जेवढं असते तेवढंच. पण आपल्याकडे नजर लागते म्हणून पाजताना पूर्ण पदराखाली झाकतात. चार माणसं बसली असतील तर झाका, पण खोलीत एकट्या असाल तर तोंडावरचा पदर काढा, त्याला तुमचं तोंड दिसू द्या.

समजते का, तर शब्द नाही समजत. आवाजाचा चढउतार, लय, आणि आता माझी पाळी आहे की तुझी, हे मात्र दोन महिन्यात समजायला लागते. तुम्ही न शिकता जे करता ना, आवाज बारीक करून, लांबवून, 'कोऽन आलं वं? कोऽन आलं?' असं, त्याला हसण्यासारखं काही नाही. ऍन फर्नाल्ड यांनी १९८५ साली दाखवलं की चार महिन्याची लेकरं साध्या मोठ्यांच्या बोलण्यापेक्षा असं लाडाचं बोलणं ऐकायला जास्त वेळा मान वळवतात. म्हणून बोबडं बोलायची लाज सोडा, भासरे बसले असले तरी.

पण आता तुमची चूक सांगते. तुम्ही लिहिलं 'मी दिवसभर बोलते'. त्याला कधी बोलू देता?

माझ्या नातीचं परवाचं सांगते. दुपारची वेळ, तेल लावून झालेलं, न्हाऊन झालेलं, झोप अजून आलेली नव्हती, म्हणजे एकदम मुडात. मी पाय दुमडून तिला मांडीवर असं ठेवलं की तोंडासमोर तोंड. म्हटलं, काय वं माय, जेवली का? आणि गप्प बसली. एकदम गप्प, फक्त भुवया वर आणि तोंडावर हसू. पहिले काहीच नाही. मग तिचे डोळे मोठे झाले, हातपाय हलत होते ते थांबले, पायाची बोटं फाकली, ओठ गोल झाले, जिभेचं टोक बाहेर आलं आणि आत गेलं, पुन्हा आलं, कपाळाला आठी पडली, जसं काही बादली भरून विहिरीतून ओढून राह्यली, आणि मग आलं, 'अंऽगू'. किती वेळ लागला म्हणाल तर पाच-सात सेकंद. पण बोलणाऱ्या माणसाला पाच सेकंद गप्प बसणं म्हणजे पाच तास वाटते, सुनेनं तर दारातूनच म्हटलं, आई झोपली का तुम्ही? मी म्हटलं, 'हो का? वांग्याची भाजी होती का?' पुन्हा गप्प. पुन्हा विहीर, पुन्हा बादली, 'अऽघू'. असं आमचं चार-पाच वेळा चाललं, मग तिनं मान फिरवून खिडकीकडे पाहिलं, म्हणजे मिटिंग संपली.

मेरी कॅथरिन बेटसन यांनी १९७५ साली दीड ते साडेतीन महिन्याच्या एका लेकराचं आणि त्याच्या आईचं असंच चित्रीकरण तपासून लिहिलं, तर दोघं एकमेकांवर आदळत नव्हते, आळीपाळीनं बोलत होते. बोलणं येण्याच्या कितीतरी आधी बोलण्याची पद्धत येते. म्हणून विषय संपले तरी काळजी नाही, जे करत आहात तेच सांगा, 'आता आपण लंगोट बदलू, हा पाय दे, आता तो दे', आणि थांबा. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. तोंडानं आवाज नाही आला तर पायानं येईल, जिभेनं येईल, त्यालाच उत्तर समजा आणि आपण पुढचं बोला.

ज्यांना बोलायला जमतच नाही, स्वभावच कमी बोलायचा, त्यांनी घाबरू नका. हायडी केलर यांनी आफ्रिकेतल्या कॅमेरूनमधल्या न्सो शेतकरी बाया आणि जर्मनीतल्या शहरी बाया अशी तुलना केली आहे. जर्मन बाया तोंडासमोर धरून, डोळ्यात पाहून, बोलून लेकरू खेळवायच्या, न्सो बाया अंगाशी धरून, हातपाय हलवून, उड्या मारून घेऊन. आपलं तेलमालिश तसंच आहे. मालिशवाली बाई चांगली असली तर तीही थांबते, पाहा कधी, एक पाय चोळला की लेकराच्या तोंडाकडे पाहते आणि मग दुसरा घेते. आणि जी लेकरू कणीक तिंबल्यासारखं तिंबते आणि शेजारणीशी बोलत राह्यते, तिला पुढच्या वेळी बोलावू नका.

प्रश्न: मी हिंगण्याला एमआयडीसीत कामाले आहो, शनिवारी गावी येतो. पोरगी तीन महिन्याची आहे. मी खेळवतो तं पहिले मस्त हसते, मग तोंड फिरवते, जांभया देते, मी त्या बाजूनं गेलो तं ती या बाजूनं पाहते, मग रडते. तिले मी आवडत नाई का? का ओळखतच नाई? (समुद्रपूर तालुका)

उत्तर: दादा, तुमचा मेसेज वाचून मला हसू पण आलं आणि वाईटही वाटलं, आठवडाभराची हौस तुम्ही एका तासात काढता ना!

ती तुम्हाला नाही म्हणत नाही, ती 'जरा थांबा' म्हणते. तीन महिन्याच्या लेकराकडे थांबा म्हणायचे दोनच उपाय, नजर काढून घेणं आणि ते नाही चाललं तर रडणं. तुम्ही तोंड आणता, भुवया उडवता, खुळखुळा वाजवता, ती हसते, हसता हसता तिच्या डोक्यात भरून येते, मग ती मान फिरवून थोडं रिकामं करते. जांभई, उचकी, हाताची बोटं ताठ फाकवणं, अंगाला झटके देणं, हे सगळं त्याच भाषेतलं. अशा वेळी त्या बाजूनं जायचं नाही. तिथंच बसायचं, गप्प, हात तिच्या पोटावर ठेवून. पाच-दहा सेकंदात, कधी अर्ध्या मिनिटात ती स्वतःहून परत पाहते, तेव्हा हसा. पाहाच करून.

आणि सगळं जमलंच पाहिजे असंही नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि लेकरू खेळतानाचे व्हिडिओ घडी घडी थांबवून पाहिले, तर चांगल्या सुदृढ जोड्यांतही दोघांचं सूत साधारण ३० टक्के वेळच जुळलेलं दिसलं. बाकी वेळ आई एकीकडे, लेकरू एकीकडे, चुकते आणि पुन्हा जुळते, चुकते आणि पुन्हा जुळते. ट्रॉनिक यांचं म्हणणं हेच की ते पुन्हा जुळणंच कामाचं असते. तुमचा शनिवार वाया नाही जात, फक्त व्हॉल्यूम कमी करा. आणि ते वर उडवून झेलण्याचं, जे तुम्ही लिहिलं नाही पण मला माहीत आहे तुम्ही करत असाल, ते बंद.

आठवड्यात रोज रात्री फोन करून तिच्या कानाशी बोला, चालते. पण फोन तोंडासमोर धरून 'पप्पाले पाय, पप्पाले पाय' असं अर्धा तास नको. त्यापेक्षा शनिवारी आले की तिचं एक ठरलेलं काम घ्या, आंघोळीचं घ्या, ढेकर काढायचं घ्या, दर शनिवारी तेच. तिला तुमचा हात कळेल.

प्रश्न: सून पाजताना मोबाईल पाहते. नातू बिचारा तिच्या तोंडाकडे टकमक पाहत राह्यते. सांगतलं तं तिले राग येते. तुम्हीच लिहा काहीतरी, म्हणजे मी तिले वाचाले देईन. (नेर तालुका)

उत्तर: लिहिते, पण तुम्हालाही वाचावं लागेल.

ट्रॉनिक यांचं नाव वर आलंच, त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रयोग १९७८ साली छापून आला. आईनं पहिले लेकराशी नेहमीसारखं खेळायचं, मग दोन-तीन मिनिटं त्याच्याचकडे पाहायचं पण तोंड दगडासारखं ठेवायचं, ना हसू ना बोल, आणि मग पुन्हा खेळायचं. लेकरू काय करते? पहिले हसून पाहते, म्हणजे आईला ओढायचा प्रयत्न. मग हातवारे, आवाज. मग नजर काढून घेते, पुन्हा चोरून पाहते, पुन्हा काढते, आणि शेवटी अंग टाकून देते किंवा रडते. आई पुन्हा हसायला लागली तरी जरा वेळ ते रुसलेलंच राह्यते. तर मोबाईलमधे घुसलेलं तोंड लेकराच्या बाजूनं पाहिलं तर त्या दगडी तोंडासारखंच असते, समोर आहे पण घरी नाही.

आता दुसरी बाजू. सून दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजत असेल, त्यातल्या दोन-तीन तर रात्रीच्या, एकटीच जागी, घर घोरत असते. तेव्हा तिनं मोबाईल पाहिला तर मी तिला बोलणार नाही, रात्री लेकरूही डोळे मिटूनच पिते आणि झोप लागून ती त्याच्या अंगावर पडण्यापेक्षा बरं. दिवसाच्या दोन वेळा पकडा, लेकरू पिऊन झालं, जागं आहे, पाहते आहे, तेवढी दहा मिनिटं मोबाईल उशीखाली. बस, एवढंच.

आणि आत्याबाई, सिरियल. संध्याकाळी सात ते दहा टीव्ही चालू, नातू तुमच्या मांडीवर आणि तुमचं तोंड टीव्हीकडे, बरोबर आहे ना? ते पण दगडी तोंडच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मधे सांगितलं आहे की वर्षाच्या आतल्या लेकराला स्क्रीन अजिबात नको, त्यात मोबाईल आला तसा टीव्हीही आला. तुम्ही टीव्ही बंद केला तर सून मोबाईल ठेवेल, असा माझा अंदाज आहे, गॅरंटी नाही.

प्रश्न: मॅडम हे छापू नका छापलं तर तालुका पण लिहू नका. मुलगी दोन महिन्याची आहे. सगळे म्हणतात किती गोड, मला काहीच वाटत नाही. पाजते, धुते, झोपवते, पण परक्याचं लेकरू सांभाळल्यासारखं. रात्री ती झोपली तरी मला झोप नाही. कारण नसताना रडू येते. सासरी म्हणतात बाहेरचं लागलं, अंगारा लावला. मी वाईट आई आहे का?

उत्तर: छापून राह्यली, कारण अशा तुम्ही एकट्या नाही, आणि तुमची परवानगी फोनवर घेतली. तालुका काढला.

वाईट आई नाही. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यात रडू येणं, चिडचिड होणं बहुतेक बायांना होते आणि आपोआप जाते. पण दोन महिने झाले, झोप नाही, कशात मन नाही, लेकरू परकं वाटते, हा बाळंतपणानंतरचा डिप्रेशनचा आजार असू शकतो. आजार आहे, बाहेरचं नाही आणि तुमचा स्वभावही नाही. औषध आहे, बोलून बरं करायची पद्धत आहे, आणि दूध पाजताना चालणारी औषधंही आहेत, म्हणून 'पाजते आहे, औषध कसं घेऊ' असं म्हणून थांबू नका. अंगारा लावला तर लावू द्या, भांडण काढू नका, पण दवाखान्यात पण जायचं.

१४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा नंबर आहे, केंद्र सरकारनं २०२२ पासून सुरू केलेला, फुकट आहे, रात्री दोनलाही लागतो, मराठीत बोलता येते. आधी तिथं बोला. आशाताईला सांगा. पहिल्या ४२ दिवसात ती तुमच्याकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आली असेल, ही घरभेटीची पद्धत आपल्याच विदर्भातली, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायांना शिकवून बाळं वाचवून दाखवली तेव्हा मग देशभर आली. पण त्या भेटीत सगळं लक्ष बाळाचं वजन, बाळाचा ताप यावर जाते, 'तू कशी आहेस वं' हे विचारायचं राहून जाते, मीही कितीदा विसरली असेन. तिसऱ्या महिन्यात ती परत येईल, त्याची वाट पाहू नका, आजच बोलवा. आणि स्वतःला किंवा पोरीला काही करून टाकावं असा विचार एकदा जरी आला तरी त्याच दिवशी, त्याच घडीला कोणाला तरी सांगा, एकट्या राहू नका.

पोरीचं काय, ही काळजी तुमच्या मेसेजमधे ओळीओळीत दिसते, म्हणजेच पाहा, 'काही वाटत नाही' हे पूर्ण खरं नाही. तुमच्या तोंडावर आत्ता हसू नसेल तर ओढूनताणून आणू नका. काही दिवस तिच्याशी गप्पा मारायचं काम घरातल्या दुसऱ्याला द्या, बहिणीला बोलवा, नवऱ्याला शिकवा, ती उपाशी राहणार नाही हसण्याची. तुम्ही फक्त तिला उघड्या छातीवर उताणं पडून घ्या, वर पातळ चादर, जागं राहून, बोलायचंही नाही. कोलंबियात बोगोटा इथं १९७८ साली कमी वजनाच्या बाळांसाठी असं अंगाला अंग लावून ठेवणं सुरू झालं, त्यालाच कांगारू पद्धत म्हणतात, पूर्ण दिवसाच्या लेकराला पण ते चालते. माया कोणाला पहिल्या दिवशी येते, कोणाला चौथ्या महिन्यात. मला मोठ्याच्या वेळी उशिरा आली होती, हे मी घरी आजवर कोणाला सांगितलं नाही, आता छापूनच आलं.

प्रश्न: मागून ताट वाजवलं तर लेकरू दचकते, म्हणजे कान चांगले ना? (वणी तालुका)

उत्तर: नक्की सांगता येत नाही. ताट वाजवताना हवा हलते, सावली पडते, बाज थरथरते, न ऐकणारं लेकरूही दचकू शकते. ताटापेक्षा हे पाहा, रडताना तुमचा आवाज आला की क्षणभर थांबते का, तीन-चार महिन्यात आवाजाच्या दिशेनं डोळे किंवा मान जाते का. शंका असली तर मशीनची टेस्ट करून घ्या. अंगणवाडीत आरबीएसकेची, म्हणजे लेकरं तपासायच्या सरकारी योजनेची गाडी येते, त्या डॉक्टरला सांगा, ते पुढे जिल्ह्याला पाठवतात, पैसे लागत नाहीत. लवकर कळलं तर लवकर उपाय, वर्ष वाया घालवू नका.

प्रश्न: चार महिने झाले की मले वावरात जा लागन, कापसाची वेचनी हाय, मजूर भेटत नाई. लेकरू सासूजवळ आन् मोठ्या ननंदेजवळ राहीन. दिवसभर दुसऱ्याजवळ राह्यलं तं मले इसरन काय? त्याले सासूच माय वाटन काय? (केळापूर तालुका)

उत्तर: नाही विसरत. आणि सासूवरही माया करेल, ते वेगळं, तेवढं सहन करा.

१९६४ साली स्कॉटलंडमधे ग्लासगो शहरात शॅफर आणि इमर्सन यांनी ६० लेकरं महिन्यामहिन्याला पाहिली. सहा-आठ महिन्याच्या सुमारास लेकरू एखाद्या माणसाला घट्ट धरायला लागते, तो गेला की रडते, आणि थोड्याच दिवसात बहुतेकांनी एकापेक्षा जास्त माणसं धरली, बाप, आजी, शेजारची बाई. दिवसभर जवळ बसणाऱ्यालाच धरते असंही नव्हतं, जो त्याचं ऐकून लगेच उत्तर देतो, खेळतो, त्याला धरते. आफ्रिकेतल्या इतुरी जंगलात एफे लोकांमधे तर जन्मापासूनच लेकरू एका बाईकडून दुसरीकडे फिरत राह्यते, दुसऱ्या बायाही पाजतात, ट्रॉनिक यांनीच जाऊन ते पाहिलं, आणि तरी लेकरं आईला ओळखून असतात. आपली एकत्र घरं त्यापेक्षा काय वेगळी होती?

सासूबाई आणि ननंदेला ते 'थांबून उत्तर द्यायचं' वर लिहिलं आहे ते वाचून दाखवा. माणसं कमी ठेवा, ठरलेली ठेवा, आज ही उद्या ती असं नको. दहा वर्षाच्या पोरीवर एकटीवर टाकून जाऊ नका, ती पण लेकरूच आहे. वावर जवळ असलं तर दुपारी एकदा लेकरू तुमच्याकडे पोचवा किंवा तुम्ही या, निंबाच्या सावलीत पाजा, धुऱ्यावर झोळी बांधली तर खाली साप-विंचू पाहून आणि तोंडावर जाड कापड न टाकता. फवारणी चालू असलेल्या वावरात मात्र लेकरू न्यायचंच नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषानं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको.

संध्याकाळी आल्या की लेकरू हात पसरेल, लगेच घ्यावंसं वाटेल, पण पहिले हात-तोंड धुवा, लुगडं बदला. मग चुलीकडे जायचं नाही. बाजेवर बसा, त्याला समोर घ्या आणि विचारा, काय केलं रे दिवसभर? पहिले ते तोंड फिरवेल, दिवसभराचा राग असते. थांबा तिथंच. भाकरी त्या दिवशी ननंद टाकेल.